कंबर फौजेत गेली, पेन्शनला नकार आला: डिसॅबिलिटी अपील कसं करायचं (ठाणे-नवी मुंबईच्या माजी सैनिकांसाठी)

रेकॉर्ड ऑफिसचं नकाराचं पत्र आलंय ना, मग ते सगळं वाचत बसायच्या आधी त्यात एकच ओळ शोधा. 'नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल टू नॉर अ‍ॅग्रव्हेटेड बाय मिलिटरी सर्विस' अशी ओळ असेल, म्हणजे तुमचा आजार सर्विसमुळे झालाही नाही आणि सर्विसमुळे वाढलाही नाही असं मेडिकल बोर्डाचं म्हणणं. ऑफिसात याला नुसतं नाना म्हणतात. कंबरेच्या केस बहुतेक इथेच अडकतात, अपंगत्वाच्या टक्क्यांवर नाही, पण आपली मंडळी अपीलात काय लिहितात तर कंबर खूप दुखते, खाली बसता येत नाही, टॉयलेटला त्रास होतो, डॉक्टरने ऑपरेशन सांगितलंय. हे सगळं खरं असतं हो, पण समोरच्याने तुम्हाला दुखत नाही असं म्हटलेलंच नाहीये! तो म्हणतोय दुखतं, पण त्याचा फौजेशी संबंध नाही. मग उत्तर त्यालाच द्यायला पाहिजे: दुखणं कधी सुरू झालं, त्या वेळी तुम्ही कुठे होता, काय काम करत होता, आणि हे सगळं कुठल्या कागदावर आहे.

खाली जे लिहिलंय ते मुख्यतः जवान, एनसीओ आणि जेसीओ लोकांसाठी आहे. ऑफिसर्सचे नियम बरेचसे तेच, फक्त पत्रव्यवहार वेगळ्या टेबलावर जातो.

आधी तुम्ही कुठल्या गटात ते बघा

एक, मेडिकलमुळे मुदतीआधी घरी पाठवलं, म्हणजे इनव्हॅलिड आउट. दोन, सर्विस पूर्ण करून लो मेडिकल कॅटेगरीत रिटायर झालात, रिलीज मेडिकल बोर्ड (रिटायर होतानाची मेडिकल तपासणी) झाला आणि त्यात कंबर लिहिली गेली. बहुतेक जण दुसऱ्या गटातले असतात. फरक महत्त्वाचा आहे कारण इनव्हॅलिड आउट झालेल्याचे टक्के २० पेक्षा कमी लिहिले असले तरी सुप्रीम कोर्टाने सुखविंदर सिंग केसमध्ये २०१४ साली सांगितलंय की ज्याला फौजेने अपंगत्वामुळे बाहेर काढलं त्याचं अपंगत्व २० टक्क्यांच्या वरच धरायचं. पण नॉर्मल रिटायर झालेल्याला हा आधार चालत नाही, त्याचे टक्के २० पेक्षा कमी असतील तर डिसॅबिलिटी एलिमेंट (अपंगत्वासाठी पेन्शनच्या वर मिळणारी रक्कम) मिळत नाही, २०१९ मध्ये एस. पी. राठोड केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. म्हणजे तुमच्या बोर्डात १५ टक्के वगैरे लिहिलं असेल तर तुमची लढाई दोन्हीकडे आहे, नानाही खोडायचं आणि टक्केही वाढवून मागायचे, त्यासाठी अपील किंवा रिव्ह्यू मेडिकल बोर्ड मागावा लागतो. स्वतःहून प्रीमॅच्युअर बाहेर पडलेल्यांना पूर्वी हे मिळतच नव्हतं, १ जानेवारी २००६ किंवा त्यानंतर गेलेल्यांना २००९ च्या सरकारी पत्राने दार उघडलंय.

आणि एक तारीख वहीत लिहूनच ठेवा, २१ सप्टेंबर २०२३. त्यानंतर रिटायर झालात तर तुम्हाला २०२३ चे नवे एन्टायटलमेंट रूल (कोणाला हक्क मिळतो ते ठरवणारे नियम) लागतात, त्यात नॉर्मल रिटायरमेंटवाल्यांसाठी डिसॅबिलिटी एलिमेंटच्या जागी इम्पेअरमेंट रिलीफ असा प्रकार आलाय. त्यामुळे २०१५ साली रिटायर झालेल्या मित्राचं अपील घेऊन नुसतं नाव-नंबर बदलून पाठवू नका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारे रेडीमेड ड्राफ्ट याच कारणाने मला आवडत नाहीत, त्यात कोण कधी रिटायर झालाय याचा पत्ताच नसतो.

पैशाचं गणित

डिसॅबिलिटी एलिमेंट म्हणजे १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. पगार म्हणजे बेसिक, एमएसपी (मिलिटरी सर्विस पे) वगैरे पेन्शनला धरतात तो. समजा शेवटचा असा पगार ४०,००० होता, तर १०० टक्क्याला १२,००० होतात आणि २० टक्क्याला २,४०० महिना. पण इथे ब्रॉड बँडिंग येतं, त्यात ५० च्या आतले टक्के ५० धरतात, ५० ते ७५ ला ७५, आणि ७६ पासून पुढे १००. म्हणजे २० टक्केवाल्याला २,४०० ऐवजी ६,०००, वर महागाई रिलीफ वेगळा, आणि हे तुमच्या नेहमीच्या सर्विस पेन्शनच्या वर. आधी ब्रॉड बँडिंग फक्त इनव्हॅलिड आउट झालेल्यांना देत होते, डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने नॉर्मल रिटायर झालेल्यांनाही द्यायला सांगितलं. तुमचं पेन्शन त्याआधीपासून चालू असेल आणि पीपीओवर (पेन्शन पेमेंट ऑर्डरवर) अजून २० टक्केच दिसत असेल तर तुमचं काम सोपं आहे, तुम्हाला फक्त ब्रॉड बँडिंग मागायचंय, नानाची भानगड नाही.

सर्विसमध्ये असतानाच त्या कंबरेबद्दल लमसम कॉम्पेन्सेशन घेऊन ठेवलं असेल तर मात्र त्याच दुखण्यासाठी परत डिसॅबिलिटी एलिमेंट मिळत नाही. बरेच जण हे विसरलेले असतात, आधी आठवा, घरच्यांना विचारा, जुनं पासबुक बघा.

कागद

आता खरं काम. बऱ्याच जणांचे कागद गावाकडे काळ्या ट्रंकेत असतात, साताऱ्याला नाहीतर चंदगडला, आणि इथे घणसोलीत किंवा कळव्यात बसून अपील लिहायचं चाललेलं असतं. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा ट्रंक उघडा आणि यातलं जे सापडेल ते आणा: डिस्चार्ज बुक, पीपीओ, रिलीज मेडिकल बोर्डाची प्रत म्हणजे एएफएमएसएफ-१६ फॉर्म, कॅटेगरी डाऊन झाली तेव्हाचे एएफएमएसएफ-१५, हॉस्पिटलचे डिस्चार्ज स्लिप, एमआय रूमच्या (युनिटच्या दवाखान्याच्या) चिठ्ठ्या, एक्स-रे आणि एमआरआयचे रिपोर्ट, मार लागला असेल तर इंज्युरी रिपोर्ट म्हणजे आयएएफवाय-२००६, कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिचं फाइंडिंग. आणि नकाराच्या पत्राचं पाकीट. हो, पाकीट! त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून पत्र तुम्हाला कधी मिळालं ते दाखवता येतं आणि सहा महिन्यांची मुदत तिथूनच मोजायची असते.

जे सापडणार नाही ते आरटीआयने मागवा. फी १० रुपये, ऑनलाइन भरता येते नाहीतर पोस्टल ऑर्डर लावा, उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे, नाही आलं तर आरटीआयचंच पहिलं अपील करायचं. अर्ज तुमच्या रेकॉर्ड ऑफिसच्या सीपीआयओच्या (माहिती अधिकाऱ्याच्या) नावाने: मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, आर्टिलरी असेल तर नाशिक रोड कॅम्प, बॉम्बे इंजिनिअर्स खडकी, महार रेजिमेंट सागर, एअर फोर्सवाल्यांचं दिल्लीत सुब्रतो पार्क. नेव्हीवाल्यांचं नशीब चांगलं, सेलरचं रेकॉर्ड आणि पेन्शनचं ऑफिस दोन्ही मानखुर्दला, वाशीहून हार्बरने पुढचंच स्टेशन.

आरटीआयमध्ये 'माझे सगळे मेडिकल पेपर द्या' असं मोघम लिहू नका. नाव घेऊन मागा: रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रोसीडिंग, स्पेशालिस्टचं ओपिनियन, सर्विस नंबरखालची मेडिकल हिस्टरी शीट, भरतीच्या वेळचा मेडिकल फॉर्म, सगळे कॅटेगरायझेशन बोर्ड, पोस्टिंगचा तपशील. भरतीचा फॉर्म तर हवाच हवा, का ते पुढे सांगतो. आणि लवकर मागा, कारण ठराविक वर्षांनंतर जुने हॉस्पिटल पेपर नष्ट करतात आणि मग 'उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. तसं उत्तर आलं तरी टाकून देऊ नका, कागद तुमच्याकडून नाही तर त्यांच्याकडून गेलेत याचा तोच पुरावा असतो.

एएफएमएसएफ-१६ कसा वाचायचा

प्रत आली की चहा घेऊन निवांत बसा आणि पेन्सिलने चार ठिकाणी खुणा करा.

पहिलं, दुखणं सुरू झाल्याची तारीख आणि जागा. 'ओरिजिन' किंवा 'ऑनसेट' म्हणून असते. दुसरं, भरती होताना हे दुखणं होतं का या प्रश्नाचं उत्तर. इथे बहुतेक वेळा 'नो' असतं आणि तुमच्या अपीलाचा सगळ्यात मजबूत पाय हाच. तिसरं, अ‍ॅट्रिब्युटेबल की अ‍ॅग्रव्हेटेड या प्रश्नासमोर काय कारण लिहिलंय. कंबरेच्या बाबतीत ठराविक शब्द येतात: डीजनरेटिव्ह, कॉन्स्टिट्यूशनल, पीस एरियात (शांत भागातल्या पोस्टिंगला) सुरुवात, फील्ड किंवा हाय अल्टिट्यूडशी वेळेचा संबंध नाही. कधीकधी तर कारणच नसतं, नुसतं 'नो'. चौथं, टक्के आणि किती काळासाठी, 'फॉर लाइफ' आहे का.

प्रत्येक खुणेला तुमच्याकडचा कोणता कागद उत्तर देतो ते बाजूला लिहा. समजा बोर्डाने लिहिलंय २०११ मध्ये पुण्यात सुरुवात, पण तुमच्याकडे २००८ ची एमआय रूमची चिठ्ठी आहे, कारगिलकडे असताना पाठीत उसण भरली म्हणून तीन दिवस अटेंड सी (ड्युटीतून सूट) मिळालं होतं, तर ही एक चिठ्ठी सगळ्या एमआरआयपेक्षा भारी आहे. पाठीत उसण भरणं हे बऱ्याच जणांना आजारच वाटत नाही, बाम लावून परत ड्युटीला जातात, त्यामुळे अशा नोंदी थोड्याच असतात, पण ज्या असतील त्या शोधून काढाच.

कंबरेचं मेडिकल, आपल्याला लागेल तेवढंच

कागदावर तुम्हाला पीआयव्हीडी, लंबर स्पॉन्डिलोसिस, स्पॉन्डिलोलिस्थेसिस यातलं काहीतरी दिसेल आणि पुढे एल-४ एल-५ किंवा एल-५ एस-१ असे मणक्यांचे नंबर. पीआयव्हीडी म्हणजे मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली जाणं, त्यातून पायात कळ जाते. स्पॉन्डिलोसिस म्हणजे झीज, स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणजे मणका जागेवरून सरकणं. यातलं काय आहे त्यावर तुमचा रस्ता ठरतो.

मार लागला असेल, म्हणजे गाडी उलटली, ऑब्स्टॅकलवरून पडलात, लोडिंग करताना एकदम कळ आली, तर रस्ता 'अ‍ॅट्रिब्युटेबल'चा. इथे इंज्युरी रिपोर्ट आणि ऑन ड्युटी असल्याचा पुरावा हे सगळं काही. युनिटने लावलेल्या गेम परेडमध्ये पडलात तरी ते ड्युटीतच मोडतं. सुट्टीवर गावी विहिरीवर पडलात तर मात्र अवघड आहे, सुट्टी ही सर्विसमध्ये धरतात पण दुखापतीचा फौजेच्या कामाशी संबंध दाखवावा लागतो आणि तो तिथे दिसत नाही.

झीज असेल तर बोर्ड म्हणणार वयाने होते, सगळ्यांची होते. यावर 'माझी झीज सर्विसमुळेच झाली' असं भांडत बसू नका, सिद्ध करायला जड जातं. 'अ‍ॅग्रव्हेटेड'चा रस्ता घ्या. झीज शरीराची असेल, चला मान्य, पण सर्विसच्या कामाने ती वाढली आणि लवकर वाढली. पैसे दोन्हीत सारखेच मिळतात, अ‍ॅट्रिब्युटेबल म्हणून मिळो की अ‍ॅग्रव्हेटेड म्हणून. हे माहीत नसल्याने लोक अवघड घाटच चढत बसतात.

मग वाढली कशाने ते तुमच्या ट्रेडच्या भाषेत लिहा. 'कठीण ड्युटी केली' याला काही वजन नाही. ८१ एमएम मॉर्टरची बेस प्लेट पाठीवर घेऊन चढलात ते लिहा, गनवर असाल तर १५५ एमएमचा गोळा ४० किलोच्या वर असतो आणि तो फायरिंगला किती वेळा उचलायला लागतो ते लिहा, ड्रायव्हर असाल तर डोंगरातल्या कॉन्व्हॉयला लोडेड गाडी रोज किती तास चालवली ते, जहाजावर असाल तर उभ्या शिड्यांवरून स्टोअर खाली-वर नेलेलं. पीस स्टेशनला सुरुवात झाली म्हटलंय तर पीसमध्येही पीटी, बीपीईटी (फिटनेस टेस्ट), गार्ड, रेंज, लोडिंग-अनलोडिंग सगळं असतंच की. दिल्ली हायकोर्टाने २०२५ मध्ये सांगितलंय की पीस स्टेशनला होता एवढ्या कारणावरून सर्विसचा संबंध नाकारता येत नाही, बोर्डाने कारण द्यायला पाहिजे.

आता एमआरआयबद्दल, कारण प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो. घोडबंदर रोडला नाहीतर वाशीत कुठल्यातरी सेंटरवर जाऊन पैसे घालून नवा एमआरआय काढायचा आणि अपीलाला जोडायचा, त्यावर बहुतेक वेळा 'एज रिलेटेड डीजनरेटिव्ह चेंजेस' असं छापून येतं आणि तुम्ही स्वतःच्या हाताने बोर्डाला कारण देता! ५० वर्षांच्या माणसाची पाठ दुखत नसली तरी एमआरआयमध्ये झीज दिसते. नवा एमआरआय उपचारासाठी काढा, टक्के वाढवून मागायचे असतील तेव्हाही लागेल, पण नाना खोडायला त्याचा उपयोग जवळजवळ नाही. त्याऐवजी ऑर्थोपेडिक किंवा न्यूरो सर्जनकडे जुने सर्विसचे पेपर घेऊन जा आणि त्यांना नेमका एक प्रश्न विचारून लेखी मत मागा: 'या पेशंटने अमुक ते अमुक वर्षं हे काम केलं, या कामाने हा आजार वाढण्याची शक्यता वैद्यकीयदृष्ट्या आहे का, कशी?' अर्ध्या पानाचं असं मत, खाली डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर, पुरे.

हे अपीलाचं नाही पण सांगतो, पायात एकदम ताकद गेली, लघवी-संडासवरचा कंट्रोल गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तर सगळे कागद सोडा आणि त्याच तासाला हॉस्पिटल गाठा, ती इमर्जन्सी असते.

फर्स्ट अपील

नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत. ते जातं अ‍ॅपेलेट कमिटी ऑन फर्स्ट अपील्सकडे, पण पाठवायचं कुठे ते तुमच्या पत्राच्या शेवटी लिहिलेलं असतं, जवानांचं साधारण रेकॉर्ड ऑफिसमार्फतच जातं. मुदत उलटली असेल तरी पाठवा, उशीर का झाला ते खरं कारण सुरुवातीलाच एका परिच्छेदात लिहा, आजारपण, पत्र गावच्या पत्त्यावर जाऊन पडलं, जे असेल ते.

भाषा हिंदी किंवा इंग्रजी चालते. इंग्रजी येत नसेल तर मराठीत नीट मुद्दे लिहा आणि घरातल्या कॉलेजच्या पोराला भाषांतर करायला बसवा, एजंटपेक्षा बरं. दोन-तीन पानांच्या वर जाऊ नका. क्रम असा ठेवला तर वाचणाऱ्याला सोपं जातं:

वर विषयात नंबर, रँक, नाव, नकाराच्या पत्राचा नंबर आणि तारीख. मग भरतीची आणि रिटायरमेंटची तारीख. मग लगेच हे वाक्य: 'भरतीच्या वेळी माझी पूर्ण वैद्यकीय तपासणी झाली, मला शेप-१ घेतलं गेलं आणि कंबरेच्या कोणत्याही आजाराची नोंद केलेली नाही.' (शेप-१ म्हणजे पूर्ण फिट.) यासाठीच भरतीचा फॉर्म हवा होता. याला आधार म्हणजे सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग निकाल, २०१३ चा. त्यात कोर्टाने म्हटलंय की भरतीला काही नोंद नसेल तर माणूस तंदुरुस्त होता असं धरायचं, पुढे तब्येत बिघडली तर ती सर्विसमुळे असं मानायचं, सिद्ध करायचा भार जवानावर टाकायचा नाही, शंकेचा फायदा जवानाला, आणि हा आजार भरतीच्या वेळी कळण्यासारखा नव्हता असं बोर्डाला म्हणायचं असेल तर त्याची कारणं बोर्डाने लिहायला पाहिजेत. २०१५ च्या राजबीर सिंग केसमध्ये हेच परत सांगितलं. निकालांची यादी दोन पानं लांब करू नका, हे दोन आणि ब्रॉड बँडिंगला राम अवतार, बास.

त्यानंतर पोस्टिंगचा तक्ता. वर्ष, युनिट, जागा, काम, आणि त्या काळात कंबरेसाठी काही सिक रिपोर्ट किंवा अ‍ॅडमिशन असेल तर तारीख आणि जोडपत्राचा नंबर. फील्ड, हाय अल्टिट्यूड, काउंटर इन्सर्जन्सी वेगळं दिसेल असं लिहा. हा तक्ता बनवायला वेळ लागतो, आठवायला लागतं, जुन्या बडीला फोन करायला लागतो, पण अख्ख्या अपीलात वाचणारा खरंच बघतो असं काही असेल तर हाच. त्याच्या खाली दोन परिच्छेदात कामाचं वर्णन, वर सांगितलं तसं.

मग बोर्डाने दिलेलं कारण त्यांच्याच शब्दांत लिहायचं आणि खाली तुमचं उत्तर. कारण दिलंच नसेल तर तेच लिहा, बोर्डाने कोणतंही कारण नोंदवलेलं नाही. शेवटी काय हवंय ते सरळ: कंबरेचा आजार सर्विसमुळे वाढलेला मानावा, अमुक टक्के डिसॅबिलिटी एलिमेंट रिटायरमेंटच्या दुसऱ्या दिवसापासून द्यावं, ब्रॉड बँडिंग करावं, थकबाकी द्यावी. बोर्डात कंबरेबरोबर बीपी किंवा गुडघा असेल तर प्रत्येकाचं वेगळं लिहा, एकत्र टक्के म्हणजे नुसती बेरीज नसते, बोर्ड त्याचं कंपोझिट काढतं.

राग आवरा. बोर्डातल्या डॉक्टरने दोन मिनिटंही बघितलं नाही हे खरं असलं तरी त्याने काम होत नाही. हात लावूनच बघितलं नाही, पाय उचलून बघायची तपासणी केली नाही असं असेल तर तेवढंच एका ओळीत लिहा.

स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि ट्रॅकिंगचा प्रिंट फाइलला लावा, पूर्ण सेटची झेरॉक्स स्वतःकडे. ठाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे पाठवायच्या आधी दाखवून घ्या, अर्जात नंबर-तारखा चुकल्या असतील तर ते लोक पकडतात, आणि फी नसते. जाताना ओळखपत्र आणि डिस्चार्ज बुक न्या नाहीतर परत फेरी.

सेकंड अपील आणि ट्रिब्युनल

फर्स्ट अपील फेटाळलं तर परत सहा महिन्यांत सेकंड अपील, सेकंड अ‍ॅपेलेट कमिटी ऑन पेन्शनकडे. यात तेच परत छापू नका, फर्स्ट अपीलच्या उत्तरात काय चुकीचं आहे ते लिहा, आणि नवा कागद मिळाला असेल तर जोडा. सहसा उत्तर साच्यातलं येतं. त्याने खचून जाऊ नका, या केस बऱ्याचदा खऱ्या अर्थाने ऐकल्या जातात त्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये (एएफटी).

आपल्याला मुंबईची बेंच, मलबार हिलला एमटीएनएलच्या बिल्डिंगमध्ये. एएफटी अ‍ॅक्ट २००७ चा, त्यात शेवटच्या ऑर्डरपासून सहा महिन्यांत ओरिजिनल अ‍ॅप्लिकेशन करायचं असतं. अपील करून सहा महिने झाले आणि उत्तरच आलं नाही तरी पुढच्या सहा महिन्यांत जाता येतं, उत्तराची वाट बघत वर्षं घालवायची गरज नाही. उशीर झाला असेल तर सोबत उशीर माफ करायचा अर्ज लावतात. पेन्शन दर महिन्याला थकत असल्याने कोर्ट याला चालू राहणारा अन्याय मानतं, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे थकबाकी साधारण अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. वरच्या उदाहरणातल्या ६,००० महिन्याला तीन वर्षांचे २,१६,००० आणि महागाई रिलीफ, बाकीची मागची वर्षं गेली. म्हणून ज्याला रिटायर होऊन दहा वर्षं झालीत त्याने 'आता काय उपयोग' म्हणू नये आणि ज्याला दोन वर्षं झालीत त्याने 'बघू निवांत' म्हणू नये.

वकील लावायचा की नाही? कायद्याने स्वतः उभं राहता येतं, पण मी म्हणेन वकील घ्या, मात्र एएफटीत रोज काम करणारा घ्या, ठाणे कोर्टातला ओळखीचा दिवाणी वकील नको. फी आधी ठरवा आणि लिहून घ्या. 'काही देऊ नका, मिळाल्यावर थकबाकीतले ३० टक्के द्या' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा, निकालावर अवलंबून फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही आणि असं म्हणणारा बऱ्याचदा वकील नसतोच, एजंट असतो. पेन्शनच्या स्पर्श पोर्टलचा पासवर्ड किंवा ओटीपी मागितला तर विषयच संपला. पैशाची खरंच अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे फुकट वकिलासाठी अर्ज करता येतो, नाल्साने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) जुलै २०२५ मध्ये सैनिकांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहाय्यता योजना सुरू केलीय, त्याचीही चौकशी सैनिक कल्याण कार्यालयातच करा.

तारखेला प्रत्येक वेळी तुम्ही गेलंच पाहिजे असं नाही, वकील असेल तर तो बघतो. जायचंच झालं तर कंबर सांभाळून, सकाळी साडेआठची ठाणे फास्ट पकडून दादरला जिने चढून वेस्टर्नला बदलणं हे स्लिप डिस्कवाल्याने करायचं काम नाही, लवकरची स्लो पकडा. बेंचवर एक ज्युडिशियल आणि एक फौजी पार्श्वभूमीचा मेंबर असतो, बेंच पूर्ण नसली की तारखा पुढे जातात, तेवढी तयारी ठेवा. काही वेळा ट्रिब्युनल थेट पेन्शन न देता नवीन मेडिकल बोर्ड करायला सांगतं, मग कुलाब्याला अश्विनी किंवा पुण्याला कमांड हॉस्पिटल अशा ठिकाणी बोलावणं येतं. तिथे जुन्या पेपरची फाइल तारखेप्रमाणे लावून न्या, आणि दुखणं आहे तेवढंच सांगा, वाकता येत असताना येत नाही म्हणालात तर डॉक्टरला कळतं आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

ऑर्डर हातात आल्यावर

जिंकलात तरी दुसऱ्या दिवशी पैसे येत नाहीत. ऑर्डरमध्ये साधारण तीन-चार महिन्यांची मुदत आणि उशीर झाला तर व्याज असं लिहिलेलं असतं. ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टने स्वतः पाठवा, सरकारी वकील पाठवेल म्हणून बसू नका. सरकार हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात जाऊ शकतं, तुम्ही हरलात तर तुम्हालाही हायकोर्टात रिटचा रस्ता आहे, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मोकळा असल्याचं स्पष्ट केलंय. मुदत संपली, स्टे आलेला नाही आणि पैसेही नाहीत, तर त्याच ट्रिब्युनलमध्ये एक्झिक्युशनचा (ऑर्डर अंमलात आणायचा) अर्ज टाकायचा, हा टाकला की बऱ्याच फायली हलतात.

केस चालू असतानाच माणूस गेला तर थकबाकीचा हक्क जात नाही, बायको किंवा वारस पुढे चालवू शकतात, म्हणून घरात कोणाला तरी फाइल कुठे आहे ते माहीत असू द्या.

शेवटी नवा किंवा सुधारित पीपीओ निघतो, आर्मीवाल्यांचा प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन या ऑफिसकडून, आणि स्पर्शवर दिसतो. तो आला की पेढे वाटायच्या आधी ऑर्डर शेजारी ठेवून तपासा: ब्रॉड बँडिंग केल्यावरचे टक्के लिहिलेत का की जुनेच २०, फॉर लाइफ आहे का, सुरुवातीची तारीख ऑर्डरप्रमाणे आहे का, महागाई रिलीफ डिसॅबिलिटी एलिमेंटवर लागलाय का, थकबाकी पूर्ण महिन्यांची आणि व्याज म्हटलं असेल तर व्याजासकट आलीय का. यातलं काही चुकलं असेल तर स्पर्शवरच ग्रीव्हन्स टाका, ऑर्डरचं पान आणि चुकलेल्या ओळीचा स्क्रीनशॉट जोडा, आणि तीच प्रत रेकॉर्ड ऑफिसला पोस्टाने पाठवा.